सस्कॅचवान : डाळ आणि पोटॅशचा प्रांत
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला 'कॅनडा' या विषयावर वीस मिनिटे बोलायला सांगितले. कॅनडा हा फार मोठा विषय आहे आणि मी त्यातल्या एकाच प्रांतात राहते. चौदा वर्षे झाली. तेव्हा जे पाहिले तेवढेच सांगते. दुसरे कारण असे की गेल्या दोन वर्षांत आपल्या वर्गाच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी मला खाजगीत एकच प्रश्न विचारला आहे : पोराला तिकडे पाठवू का? एकाने तर दोन एकर धानाची जमीन विकायला काढली होती. प्रत्येकाला फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा तो प्रांत आहे तरी कसा, हे एकदा सगळ्यांसमोर नीट सांगावे असे वाटले.

प्रांताचे नाव सस्कॅचवान. नाव उच्चारायला मलाही दोन महिने लागले. क्री नावाच्या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ 'वेगाने वाहणारी नदी'. राजधानी रिजायना, सर्वांत मोठे शहर सस्कटून, मी तिथे राहते. कॅनडाच्या दहा प्रांतांपैकी दोघांनाच समुद्र नाही, आल्बर्टाला आणि आम्हाला. भूगोलाच्या सरांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट : या प्रांताची एकही सीमा नदीने किंवा डोंगराने ठरलेली नाही. दक्षिणेला ४९ अक्षांश, उत्तरेला ६० अक्षांश, बाजूंना सरळ आखलेल्या रेषा. १ सप्टेंबर १९०५ रोजी हा प्रांत झाला तो असा पट्टी घेऊन.

आता आकडे. क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. आणि लोक? २०२१ च्या जनगणनेत ११ लाख ३२ हजार ५०५. आपल्या गोंदिया जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७ होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यातले लोक त्या अख्ख्या प्रांतात सोडले तर थोडे उरतील, आणि जागा मात्र शंभराहून जास्त पट. पहिल्या हिवाळ्यात मला थंडीपेक्षा हेच जास्त बोचले. गाडी चालवत तासभर गेले तरी माणूस दिसत नाही. आपल्याकडे नागऱ्याहून गोंदियाला जाईपर्यंत चार जण 'कधी आलीस' म्हणून विचारतात.

थंडीचेही सांगते, नाहीतर जेवणाच्या वेळी तेवढेच विचाराल. उणे चाळीस हा आकडा दर हिवाळ्यात एकदा तरी दिसतो. तिथे सेल्सियस आणि फॅरेनहाइट एक होतात, त्यामुळे कोणत्या मापात म्हणून विचारावे लागत नाही. प्रिन्स आल्बर्ट गावात १८९३ साली उणे ५६.७ नोंदले गेले होते. रात्री गाडीचे इंजिन गरम राहावे म्हणून बोनेटखालून निघालेली वायर विजेच्या बोर्डात खोचावी लागते, आपण मोबाइल लावतो तशी. आणि त्याच प्रांतात जुलै १९३७ मध्ये पारा ४५ वर गेला होता. तेव्हा आपल्या मे महिन्याचे कौतुक त्यांना सांगायची सोय नाही.

उत्तरेचा निम्मा भाग जंगल, खडक आणि तलाव. तलाव जवळजवळ एक लाख आहेत म्हणतात. 'तलावांचा जिल्हा' म्हणून आपण मिरवतो. तिथे मी ते वाक्य जरा हळू आवाजात बोलते. फरक एवढाच की त्यांचे तलाव बर्फयुगाने खोदले आणि आपले मामा तलाव आणि बोड्या बापजाद्यांनी. दक्षिणेचा भाग म्हणजे प्रेअरी, सपाट माळ. गहू, मोहरी, जवस, वाटाणा, मसूर. धान नाही, तेवढा उन्हाळाच नाही. पण जवसाचे निळे फूल पाहिले की मला आपल्या बांध्यांमधला उतेरा आठवतो. धान उभे असतानाच ओल्या मातीत फेकलेली लाखोळी आणि जवस.

आता मूळ गोष्टीकडे येते. समुद्र नसलेल्या या प्रांताची सर्वांत मोठी दौलत म्हणजे एक आटलेला समुद्र. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. तो आटत गेला आणि मिठाचे थर मागे राहिले. त्या थरांत पोटॅश आहे, जमिनीखाली साधारण एक किलोमीटरवर. १९४० च्या दशकात तेल शोधताना ते सापडले. काढणे सोपे नव्हते, कारण वरच्या थरात पाणी होते आणि विहीर खणली की बुडायची. शेवटी एस्टरहेझी गावाजवळ त्यांनी जमीनच गोठवली, गोठलेल्या मातीतून खाली उतरले आणि १९६२ मध्ये खाण सुरू केली. आज जगातल्या पोटॅशचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एका प्रांतातून येतो.

हे पोटॅश तुमच्यापैकी प्रत्येक शेतकऱ्याच्या हाताला लागलेले आहे. रोवणीच्या आधी गोणीतून लालसर खडे टाकता ना, तेच. भारतात पोटॅशच्या खाणी नाहीत, जवळजवळ सगळे बाहेरून येते. कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले, बेलारूसवर निर्बंध होतेच, आणि आपल्याकडे गोणी सतराशे रुपयांपर्यंत गेली. तेव्हा माझ्या भावाचा फोन आला, "ताई, तुझ्याच गावचं खत आहे ना? सांग ना त्यांना थोडं कमी करायला." मी हसले. पण त्याच वर्षी आमच्या प्रांताच्या तिजोरीत खनिजांमुळे भरघोस पैसा आला, हे मी त्याला सांगितले नाही. एकाची महागाई ती दुसऱ्याची सुगी, आणि मी दोन्हीकडची.

दुसरी दौलत डाळ. ही गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते, म्हणून इथे जरा वेळ घेते.

१९७० च्या आसपास या प्रांतात गव्हाचे ढीग पडून होते, गिऱ्हाईक नव्हते. सरकारने १९७० मध्ये शेतकऱ्यांना गहू न पेरण्याचे पैसे दिले. म्हणजे शेतकऱ्याने काय करावे? एक वर्ष पेरायचे, एक वर्ष जमीन पडीक ठेवायची, असेच चालले होते. १९७१ मध्ये सस्कटूनच्या विद्यापीठात पीक विकास केंद्र सुरू झाले आणि पुढच्या वर्षी आल्फ्रेड स्लिंकार्ड नावाचे शास्त्रज्ञ तिथे आले. त्यांना काम दिले कडधान्यांचे. त्या वेळी तिथे मसूर फारसे कोणी खात नव्हते, पेरतही नव्हते. त्यांनी जगभरचे वाण आणून लावून पाहिले आणि १९७८ मध्ये 'लेअर्ड' नावाचा वाण दिला, १९८० मध्ये 'एस्टन'. मसूर जमिनीत नत्र सोडते, कमी पाण्यात येते, पडीक ठेवायची गरज उरत नाही. आज जगात मसूर निर्यात करण्यात कॅनडा पहिला आहे आणि त्यातली बहुतेक मसूर सस्कॅचवानची. गोंदियाच्या किराणा दुकानातली लाल मसूर डाळ तिकडून आलेली असणे अगदी शक्य आहे. आणि अजूनही तिथला शेतकरी विकलेल्या कडधान्यावर थोडासा टक्का संशोधनासाठी कापून देतो. नवीन वाण येतात ते त्याच्याच पैशातून.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपल्या झाडीपट्टीतले दादाजी खोब्रागडे आठवले. नागभीड तालुक्यातले नांदेड गाव, दीडएक एकर जमीन. शेतात वेगळी दिसलेली लोंबी त्यांनी बाजूला काढली, वर्षानुवर्षे निवडत नेली आणि १९८० च्या दशकात धानाचा वाण तयार केला. तेव्हा घड्याळ एचएमटीचे चालायचे, म्हणून त्याचे नाव एचएमटी. आज आपल्यापैकी कोणाच्या घरी तो तांदूळ शिजला नाही? राइस मिलवाल्यांनी हात वर करू नयेत, तुमचे माहीत आहे. दादाजींना पुरस्कार मिळाले, नाव झाले. पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरची स्थिती काय होती, तेही आपण पेपरात वाचले. डोके तिथेही होते आणि इथेही होते. स्लिंकार्डांच्या मागे विद्यापीठ होते, प्रयोगाची शेते होती, बियाणे बाजारात नेणारी साखळी होती. दादाजींच्या मागे त्यांचे दीड एकर.

आता या दौलतीचे दुखणे. जिथे समुद्र नाही तिथे माल कितीही पिकवा, भाव बंदराच्या गेटवर ठरतो. सस्कटूनहून व्हँकूव्हर बंदर रेल्वेने दीड हजार किलोमीटरहून दूर, मध्ये रॉकी पर्वत. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते धान्याच्या गोदामांसाठी आहे. कोणता ट्रक कधी येणार, किती ओलावा, कोणत्या वॅगनमध्ये, कोणत्या जहाजाला. २०१३ मध्ये तिथे विक्रमी पीक आले आणि त्या हिवाळ्यात रेल्वेने ते उचललेच नाही. शेतात धान्याचे डोंगर, बंदरात रिकामी जहाजे वाट पाहत उभी. शेवटी मार्च २०१४ मध्ये सरकारला रेल्वे कंपन्यांना आठवड्याला अमुक इतके धान्य न्यायलाच हवे असा हुकूम काढावा लागला. धान खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून रांगेत उभे राहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि २०१७. त्याच्या दोन वर्षे आधी आपल्याकडे तूर डाळ दोनशे रुपये किलो झाली होती, आठवते? दोन दुष्काळ पडले होते. भारताने बाहेरून डाळ मागवली, सस्कॅचवानच्या शेतकऱ्यांनी गहू सोडून मसूर आणि वाटाणा पेरला. मग आपल्याकडे पाऊस चांगला झाला, तूर हमीभावाच्या खाली गेली, आणि सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरमध्ये मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावले. आमच्या स्क्रीनवर एका रकान्यात बंदराचे नाव येते : मुंद्रा, कोलकाता, न्हावा शेवा. काही आठवड्यांत ती नावे विरळ झाली. एका शनिवारी आमच्या ओळखीचे एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, "तुमच्या लोकांनीच पेरा म्हटलं, आणि आता दार लावलं." मी त्यांना सांगितले, माझ्या काकाजींनी त्या वर्षी तूर हमीभावाच्या खाली विकली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तेही आमच्यासारखेच." दोघांचेही खरे होते. दोघांच्याही भावाचा निर्णय त्यांच्या गावात झाला नव्हता.

त्या लोकांनी हे दुखणे मुकाट्याने सोसले असे मात्र नाही. प्रांत झाला तेव्हा त्याची जमीन आणि खनिजे ओटावाच्या केंद्र सरकारने स्वतःकडेच ठेवली होती. १९३० मध्ये, पंचवीस वर्षे भांडून, ती प्रांताला मिळाली. शेतकऱ्यांनी १९२४ मध्ये 'व्हीट पूल' ही स्वतःची सहकारी संस्था काढली, गावोगावी तिची लाकडी धान्यघरे उभी राहिली. टॉमी डग्लस १९४४ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या पक्षाच्या सरकारने १ जुलै १९६२ पासून सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा आणला. डॉक्टर तेवीस दिवस संपावर गेले, पण योजना टिकली आणि पुढे सगळ्या कॅनडाने घेतली. आज कॅनडातली जी फुकट दवाखान्याची गोष्ट तुम्ही ऐकता, ती या गरीब, दुष्काळ पाहिलेल्या प्रांतातून निघाली. १९७५ मध्ये प्रांताने पोटॅशची स्वतःची कंपनीही काढली.

पण हेही सांगायला हवे की यातले सगळे टिकले नाही. पोटॅश कंपनी १९८९ मध्ये खाजगी झाली. व्हीट पूल आधी शेअर बाजारात गेली, मग नाव बदलले, आणि २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लेनकोर कंपनीने ती विकत घेतली. शेतकऱ्यांच्या आजोबांनी वर्गणी काढून उभी केलेली संस्था. सहकाराचे असे शेवट पाहायला आपल्याला कॅनडापर्यंत जावे लागत नाही.

रेल्वेचेही तसेच. आपली छोटी लाइन गेली ती मोठी होण्यासाठी; त्यांच्या गावांच्या लाइनी उखडल्या गेल्या त्या कायमच्या. १८९७ पासून धान्याला स्वस्त भाड्याची सवलत होती, ती १९९५ मध्ये संपली, आणि फाट्यावरच्या लाइनी कंपन्यांना परवडेनाशा झाल्या. लाइन गेली, धान्यघर पाडले, मग शाळा बंद, मग टपाल बंद. १९३६ मध्ये प्रांतात १ लाख ४२ हजार शेतकरी कुटुंबांची शेते होती, २०२१ मध्ये साधारण ३४ हजार. सरासरी शेत सतराशे एकरांहून मोठे. ऐकायला भारी वाटते. पण त्या सतराशे एकरांत आधीची चार-पाच घरे मिसळलेली आहेत. मी अशा गावांतून गेले आहे, जिथे चर्च आहे आणि आत कोणी नाही.

आणि त्या घरांच्याही आधी तिथे कोणीतरी होतेच. क्री, डेने, सोटो, मेटी. १८७० च्या दशकात त्यांच्यापैकी काहींशी करार झाले आणि पुढे त्यांची मुले वसतिगृहाच्या शाळांत नेली गेली, त्यांची भाषा बंद केली गेली. जून २०२१ मध्ये कौएसेस समाजाने जाहीर केले की अशा एका शाळेच्या आवारात ७५१ बिननावाच्या कबरी आढळल्या आहेत. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसमध्ये कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मी वाढले त्या भागात गोंड आणि हलबा मुले आश्रमशाळेतून आमच्या वर्गात यायची. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत आम्ही कधी बोललो का, हा विचार मला इथे नाही, तिथे आला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. या प्रांतातून लोक नेहमी जात राहिले आहेत. १९३१ मध्ये लोकसंख्या ९ लाख २१ हजार होती. मग दुष्काळ, धूळ आणि मंदी आली, आणि १९५१ मध्ये ती ८ लाख ३१ हजारांवर उतरली. पुढे पन्नास-पंचावन्न वर्षे दहा लाखांच्या अलीकडे-पलीकडेच घुटमळली. तिथल्या आईबापांनी मुलांना शिकवले आणि मुले कॅलगरीला, टोरोंटोला गेली. म्हणून प्रांताने १९९८ पासून बाहेरच्यांना बोलावण्याची स्वतःची योजना चालवली. मी त्याच वाटेने गेले. ही गोष्ट एजंट सांगत नाही : त्यांची पोरे गेली म्हणून जागा रिकामी झाली आणि म्हणून आपल्या पोरांना बोलावणे आले. त्यात वाईट काही नाही, पण ते समजून जावे.

आणि दार नेहमी तेवढेच उघडे असते असे नाही. १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याला फीशिवाय वर्षाच्या खर्चासाठी २०,६३५ डॉलर दाखवावे लागू लागले, आधी निम्मे चालायचे. त्याच महिन्यात कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. नियम पुढेही बदलत राहतील. त्यामुळे कोणी 'पीआर पक्का' म्हणाला तर त्याच्याकडून उठून या. मुलाकडे कौशल्य असेल, नर्सिंग, वेल्डिंग, मोठ्या यंत्रांची दुरुस्ती, चांगली इंग्रजी, तर तिथे त्याला काम आहे आणि मान आहे. नुसती डिग्री घेऊन कुठल्याही कॉलेजात कुठलाही कोर्स, त्यासाठी धानाची बांधी विकू नका. माझे मत विचारले म्हणून सांगते. ज्याने दोन एकर काढले होते त्याला मी हेच सांगितले. त्याने आधी मुलाला आयटीआयला घातले आहे आणि तो माझ्यावर अजून रागावलेला आहे. मागच्या रांगेत बसलाय, बघतोय माझ्याकडे.

एक गोष्ट राहिली, जीवशास्त्राच्या बाईंसाठी. सस्कटूनच्या उत्तरेला शरद ऋतूत कापलेल्या शेतांवर हूपिंग क्रेन उतरतात, पांढरेशुभ्र क्रौंच, आपल्या सारसाचे भाऊबंद. १९४१ मध्ये ते सगळे मिळून जेमतेम वीसेक उरले होते, आता त्यांच्या मुख्य थव्यातच पाचशेहून जास्त आहेत. आपले सारस गोंदियात मोजकेच आहेत आणि त्यांची घरटी शेतकऱ्यांच्या धानातच असतात. ज्यांच्या बांधीत यंदा घरटे होते त्यांनी मला भेटा, फोटो हवे आहेत, तिकडच्या पक्षीमित्रांना दाखवायचे आहेत.

वेळ संपल्याची खूण झाली आहे. बाकीचे प्रश्न पंगतीत विचारा, आणि ज्यांना मुलांची कागदपत्रे दाखवायची आहेत त्यांनी उद्या सकाळी घरी या, मी रविवारपर्यंत नागऱ्यातच आहे.